प्रौढ नर उंदीर

“तुझ्या सरांनी लिहून दिलंय, माझ्या पोटात काही नाही म्हणून,” रूथताई दारातूनच म्हणाल्या. “आता हे माझ्या पोटाला कोण सांगणार?”

माझ्या हातात त्या वेळी उंदीर होता. पांढराशुभ्र, गुबगुबीत आणि कमालीचा चिडलेला. त्याला काचेच्या नळकांड्यात सरकवायची माझी खटपट चालली होती. मी म्हटलं, “आधी आत या आणि दार लावा. हा सुटला तर आपल्या दोघींना दिवसभर टेबलाखाली रांगावं लागेल.”

त्या आत आल्या. पांढरा गणवेश, केसांना घट्ट जाळी, छातीवर नावाची पट्टी : स्टाफ नर्स रूथ साळवे. स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हात ओटीपोटावर दाबून पुढे वाकल्या. कपाळावर घामाचे थेंब जमले होते. मी उंदीर पिंजऱ्यात परत टाकला आणि त्यांच्या हातातला कागद घेतला.

आमच्या संस्थेच्या वैद्यकीय मंडळाचा तो अभिप्राय होता. आतड्यांची दुर्बिणीतून तपासणी केली, अस्तर निरोगी आहे, वेदनेला कोणतंही कारण आढळत नाही. आणि शेवटी, ‘काम टाळण्यासाठी आजाराचा बहाणा.’ खाली मंडळाच्या अध्यक्षांची लफ्फेदार सही. ते अध्यक्ष म्हणजे माझे सर, औषधशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. टिपणीस.

“शुक्रवारी मंडळाची बैठक आहे,” रूथताई म्हणाल्या. “तिथं यावर शिक्कामोर्तब झालं की नोकरी गेली. क्वार्टर गेलं. आई आहे, माझ्या एस्तेरची बारावी आहे. कुठं नेऊ त्यांना? चर्चच्या पायरीवर बसवू?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आज मी स्वतः निवृत्तीला आले आहे, पण तो ‘बहाणा’ शब्द आठवला की अजून तशीच जाते.

संतापायचं कारण सांगायचं तर आधी आमच्या उंदरांबद्दल सांगायला हवं. आमचं कॉलेज एका ट्रस्टचं, नगरच्या पुढे माळावर बांधलेलं. तिथे मी एम.डी. करत होते आणि टिपणीस सर माझे मार्गदर्शक होते. पोटातलं दुखणं का रेंगाळतं, हा आमचा विषय. आम्ही उंदराच्या आतड्याला औषधानं सूज आणायचो. काही आठवड्यांत सूज उतरायची, आतडं आतून पाहावं तर कोरं करकरीत. पण त्याच आतड्यात बारकासा फुगा सरकवून थोडीशी हवा भरली, की उंदराचं पोट दगडासारखं आवळायचं. निरोगी उंदराला तेवढ्या हवेचा पत्ताही लागत नसे. म्हणजे आतडं बरं झालेलं, दुखणं मात्र मुक्कामाला.

ते दुखणं राहतं कुठे, तर पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूत. सूज असताना तिथल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा एक वायू तयार करायला लागतात. तो वायू एका पेशीत मावत नाही, शेजारणीकडे जातो, तिलाही चेतवतो. मग आतड्यातून साधी कुजबुज आली तरी वर मेंदूपर्यंत बोंब जाते. हा वायू तयार होणं औषधानं थांबवलं, की उंदराचं पोट सैल पडायचं. सरांनी या विषयावर देशभर व्याख्यानं दिली होती. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं : “आतडं साफ दिसतं म्हणून दुखणं खोटं म्हणणारा डॉक्टर हा डॉक्टर नव्हे, कारकून.” या वाक्याला हमखास टाळ्या पडत.

आणि रूथताईंचं काय झालं होतं? दोन वर्षांपूर्वी आसपासच्या गावांत रक्ती आवेची साथ आली होती. वॉर्डात खाटा संपल्या, जमिनीवर गाद्या टाकल्या. डॉक्टर लोक नाकाला रुमाल लावून फेरी मारून जात होते. राहिलेलं सगळं नर्सेसनी केलं, आणि सगळ्यात जास्त रूथताईंनी. शेवटी त्याच आजारानं त्यांना पाडलं. बऱ्या झाल्या, जंतू गेले, आतडं भरून आलं. दुखणं तेवढं गेलं नाही. अर्धी भाकरी पोटात गेली तरी त्या कळवळायच्या. उभ्यानं ड्युटी करताना खाटेचा कठडा धरून उभ्या राहायच्या. त्यांचं मागणं एवढंच होतं की बसून करायचं काम द्या.

आमचे उंदीर आणि रूथताई यांच्यात फरक काय, हे मला कुणी समजावून सांगावं.

मी तो कागद घेऊन तडक सरांच्या खोलीत गेले. सर इंग्रजी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते.

“सर, साळवे सिस्टरांचा अभिप्राय तुम्ही लिहिलात?”

“लिहिला. का?”

“त्यांना दोन वर्षांपूर्वी आव झाली होती. आतड्याला सूज होती. आता अस्तर साफ आहे आणि दुखणं आहे. सर, हे तर आपलंच…”

“देवकुळे,” सर पेन्सिल खाली न ठेवता म्हणाले, “बाईंनी चाळिशी गाठली आहे. नवरा नाही. रात्रपाळीचा कंटाळा आलेला आहे. या वयात बायकांचं पोट दुखतं, डोकं दुखतं, कंबर दुखते. दुर्बीण सर्जरीच्या डॉ. खर्ड्यांनी स्वतः घातली. काही सापडलं नाही.”

“आपल्या उंदरांमध्येही काही सापडत नाही, सर. तरी आपण म्हणतो दुखतं.”

“उंदीर रजा मागत नाही.” आणि स्वतःच्याच विनोदावर ते खूश झाले. “तुम्ही प्रबंधाचं बघा. पुढच्या महिन्यात सही हवी आहे ना माझी?”

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी काही न बोलता बाहेर आले, कारण बोलले असते तर एम.डी. तिथेच संपली असती. त्या संध्याकाळी रूथताईंच्या क्वार्टरमध्ये मात्र मी सगळं बोलून घेतलं. त्यांची आई कोपऱ्यात बायबल वाचत होती, ती मान वर करून माझ्याकडे बघायला लागली, इतकं बोलून घेतलं.

रूथताई तांदूळ निवडत शांतपणे ऐकत होत्या. सरांचं उंदराचं वाक्य सांगितल्यावर त्यांचा हात थांबला.

“म्हणजे तो उंदराचं ऐकतो, माझं नाही.”

“हो.”

“मग मला उंदीर कर.”

मला वाटलं त्या चेष्टा करताहेत. त्या चेष्टा करत नव्हत्या.

“तुमची ती बुधवारची मीटिंग असते ना, नंबरवाली? तूच सांगत होतीस. त्यात मला घाल एक नंबर देऊन.”

आमच्या विभागाची ती पद्धत होती. बुधवारी प्रत्येकानं एकेका प्राण्याचा आलेख मांडायचा. प्राणी कुठला, त्याला काय दिलं, हे आधी सांगायचं नाही. नुसता नंबर. नाव कळलं की नजर कलते, आपल्याला हवं तेच कागदावर दिसायला लागतं, म्हणून ही काळजी. सर आलेख बघून निकाल द्यायचे, कागदाच्या कोपऱ्यात तो लिहून सही करायचे, आणि मगच आम्ही नंबर फोडायचो. सरांना या पद्धतीचा भारी अभिमान होता. म्हणायचे, इथे ओळखपाळख चालत नाही, इथे फक्त पुरावा बोलतो.

“पण ताई, त्यासाठी फुगा घालावा लागेल. तुम्हाला दुखेल.”

“बाई, जन्मभर लोकांना नळ्या घालत आले. मला एक घातलीस तर काय होतंय? आणि दुखायचं म्हणशील तर दुखतंच आहे. निदान एकदा कामाला तरी येईल.”

रविवारी दुपारी चर्चहून त्या सरळ प्रयोगशाळेत आल्या. उंदराचा बारका फुगा चालणार नव्हता, म्हणून माणसासाठीची नळी त्यांनीच वॉर्डातून उकळून आणली होती. पोटावर आम्ही तारांच्या चकत्या चिकटवल्या. यंत्र तेच, कागद तोच, हवेचा दाब मोजायचं माप तेच. पहिल्यांदा अगदी थोडी हवा भरली. मला किंवा तुम्हाला ती जाणवलीही नसती. यंत्राची लेखणी खडबडून उठली आणि कागदावर दाट, उंच रेघा ओढत सुटली. रूथताईंनी उशीचं टोक दातांत धरलं होतं.

“काढते,” मी म्हटलं.

“नको. अजून भर. त्याला पुरतं दिसलं पाहिजे.”

अजून भरली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तोंडातून आवाज काही आला नाही. इतका स्वच्छ, इतका बोलका आलेख त्या यंत्रानं आमच्या एकाही उंदराचा काढला नव्हता. मला तेव्हा त्याचा आनंद होत होता की राग येत होता, हे मी आजही सांगू शकत नाही. बहुतेक रागच.

बुधवारी विभागातले सगळे जमले. आम्ही चारपाच विद्यार्थी, चहाची किटली, आणि सर. मागच्या बाकावर रूथताई बसल्या होत्या. सरांनी भुवया उंचावल्या, तेव्हा मी म्हटलं, “सर, सिस्टरांना आपलं काम बघायचं आहे.” सरांना कौतुक करणारा माणूस मागच्या बाकावर असला तर आवडायचं. “बसू द्या,” ते म्हणाले, “त्यांनाही कळू दे शास्त्र कशाशी खातात ते.”

मी आलेख पडद्यावर टाकला. “बारा नंबर. पूर्वी आतड्याला जोरदार सूज. आता अस्तर पूर्ववत. हवेचा दाब अगदी कमी.”

सर खुर्चीतून उठले. पडद्याजवळ गेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी त्या रेघांवरून बोट फिरवलं.

“वा. वा! हे बघा, सगळ्यांनी इकडे बघा. एवढ्याशा दाबाला हा प्रतिसाद! अस्तर साफ, आणि दुखणं शाबूत. हा वायू मज्जारज्जूत काय धुमाकूळ घालतो त्याचं याहून चांगलं उदाहरण मी परदेशातसुद्धा पाहिलेलं नाही. वायू रोखणारं औषध दिलंत याला?”

“नाही सर. परवानगी मिळणार नाही.”

“का नाही मिळणार? अर्ज करा, मी सही करतो. रविवारी दिल्लीच्या परिषदेत हाच आलेख पहिला दाखवणार मी. आणि हे पाहूनही कुणी म्हणालं ना, की या जिवाला दुखत नाही, तर त्यानं आपली पदवी विद्यापीठाला परत करावी.”

“निकाल, सर?”

सरांनी खिशातून पेन काढलं आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं : ‘वेदना खरी.’ खाली तीच लफ्फेदार सही.

“फोडा नंबर.”

“बारा नंबर म्हणजे स्टाफ नर्स रूथ साळवे,” मी म्हटलं. “त्या मागे बसल्या आहेत.”

कुणीतरी कप बशीत ठेवला, त्याचा आवाज झाला. रूथताई उठून उभ्या राहिल्या, वर्गात नाव पुकारल्यावर उभं राहावं तशा. सरांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा लाल झाला होता.

“देवकुळे, ही फसवणूक आहे.”

“कुठली, सर? आलेख खरा आहे. सही तुमची आहे.”

“माणसावर प्रयोग केलात तुम्ही! समितीची परवानगी न घेता! उंदराला हात लावायचा तरी आपण परवानगी घेतो!”

“परवानगी मी दिली,” रूथताई म्हणाल्या. “पोट माझंच आहे.”

सरांनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. “आणि शास्त्रीय दृष्टीनं हे निरर्थक आहे. माणसाला मन असतं. मन सोंग करू शकतं. प्राण्याला मन नाही, म्हणून त्याचा पुरावा शुद्ध.”

“मन असणं हा माझा गुन्हा झाला का साहेब?”

“शिवाय,” सर आम्हा विद्यार्थ्यांकडे बघत म्हणाले, त्यांना आता वाट सापडली होती, “आपले सगळे प्राणी नर आहेत. माद्यांचं ऋतुचक्र नोंदी बिघडवतं म्हणून आपण माद्या वापरत नाही. त्यामुळे आपले निष्कर्ष बाईला लागूच होत नाहीत. इतकी साधी गोष्ट देवकुळे विसरल्या.”

माझ्या शेजारचा विद्यार्थी खाली मान घालून स्वतःच्या चपला बघत होता. हुशार मुलगा होता. सगळेच हुशार होते. मला वाटलं एक तरी जण तोंड उघडेल, पण प्रबंधावर सही प्रत्येकालाच हवी होती.

“कागद इथे ठेवा,” सर म्हणाले. “शुक्रवारी मंडळासमोर तुमच्याही वर्तनाचा विचार होईल.”

मला वाटलं, माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून त्यांनी तो ठेवून घेतला. कागद टेबलावर ठेवून मी बाहेर पडले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आपण रूथताईंना वाचवायला निघालो आणि त्यांच्याबरोबर आपलाही बळी दिला, एवढंच डोक्यात घोळत होतं.

गुरुवारी दुपारी बाजारातल्या फोटोवाल्याचा निरोप आला. सरांच्या व्याख्यानांच्या स्लाइड तोच करून द्यायचा आणि मथळ्यांची स्पेलिंगं मी तपासायची, हा आमचा जुना रिवाज. मी गेले. त्यानं दिव्याच्या पेटीवर एक स्लाइड ठेवली.

“मॅडम, हे सरांनी आज सकाळीच पाठवलंय, अर्जंट म्हणून. दिल्लीला न्यायचंय म्हणे. खालचा मथळा तेवढा बघा.”

मी वाकून पाहिलं. स्वतःच्या हातानं काढलेला आलेख ओळखायला खुणा लागत नाहीत. त्या रेघा रूथताईंच्या होत्या. उशीचं टोक दातांत धरून त्यांनी काढू दिलेल्या. आणि खाली सरांच्या सुबक इंग्रजी अक्षरांत मथळा होता : ‘प्रौढ नर उंदीर.’

मी हसले. फोटोवाला दचकला, कारण ते काही चांगलं हसणं नव्हतं.

“स्पेलिंग बरोबर आहे,” मी म्हटलं. “स्लाइड आणि मूळ कागद, दोन्ही माझ्याकडे द्या. मी सरांना उद्या देते.”

आणि दिलेही.

शुक्रवारी मंडळासमोर तीन माणसं होती. मध्ये सर. एका बाजूला शस्त्रक्रिया विभागाचे डॉ. खर्डे, कमी बोलणारे, नाकासमोर चालणारे. दुसऱ्या बाजूला ट्रस्टचे सचिव भाऊसाहेब ढोकणे. भाऊसाहेबांचं शिक्षण बेताचं, पण संस्था त्यांनी उभी केलेली होती आणि माणूस त्यांच्या नजरेतून सुटत नसे. रूथताई आणि मी समोर उभ्या होतो. खुर्च्या होत्या, बसा कुणी म्हटलं नाही.

सरांनी अभिप्राय वाचला. ‘बहाणा’ शब्दावर जरा जोर दिला. मग माझ्याबद्दल बोलायला लागले, शिस्त, नीतिमत्ता, विश्वासघात. ते दम घ्यायला थांबले तेव्हा मी पुढे होऊन स्लाइड आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला.

“सर, तुमची दिल्लीची स्लाइड. फोटोवाल्यानं दिली.”

सरांनी पटकन त्यावर हात ठेवला. भाऊसाहेबांनी तितक्याच पटकन तो हात बाजूला केला.

“काय आहे वो हे डॉक्टर?”

“काही नाही. माझ्या संशोधनातलं एक चित्र आहे.”

“भाऊसाहेब,” मी म्हटलं, “तो आलेख या सिस्टरांच्या पोटाचा आहे. सरांनी त्यावर ‘वेदना खरी’ असं लिहून सही केली आहे. आणि त्याच आलेखाला स्लाइडवर उंदराचा म्हटलं आहे.”

भाऊसाहेबांनी कागद लांब धरून सही पाहिली. स्लाइड खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. मग दोन्ही खाली ठेवून ते सरांकडे वळले.

“मला त्यातलं काय कळत नाही. मी आपलं सरळ इचारतो. हे चित्र बाईचं का उंदराचं?”

बाईचं म्हणावं तर स्वतःच्या सहीनं वेदना खरी ठरत होती. उंदराचं म्हणावं तर खोटं बोलावं लागत होतं. सर ग्लासातलं पाणी प्यायले. मी त्या माणसाकडे पाहत होते आणि मला खरोखर आशा होती. इतकं शिकलेला माणूस आहे, शब्दकोडी सोडवतो, आता तरी खरं बोलेल.

“उंदराचं,” सर म्हणाले. “देवकुळेंचा गोंधळ झालेला आहे. त्यांच्या मनावर ताण आहे.”

लाज कोळून प्यायलेला माणूस कसा दिसतो ते मी तेव्हा पाहिलं. इस्त्रीचा सदरा, चष्मा, आणि आवाजात काळजी.

“बघू जरा,” डॉ. खर्डे म्हणाले. इतका वेळ ते बोलले नव्हते. त्यांनी कागद ओढून घेतला, डोळ्यांशी नेला. मग पेनाचं टोपण काढून त्या उंच रेघांच्या मधल्या सपाट जागेवर टिंबं द्यायला लागले.

“हे काय करताय?” सरांनी विचारलं.

“ठोके मोजतोय. पोटावर तारा लावल्या की हृदयाचे ठोकेपण बारीक टोचे होऊन उमटतात. हे बघा.” त्यांनी कागद फिरवला. “उंदराचं काळीज मिनिटाला तीन-चारशे वेळा उडतं. त्याची नोंद म्हणजे नुसती जाड रेघ दिसायला हवी. इथे एकेक ठोका सुटा दिसतोय, घाबरलेल्या माणसाचा असतो तसा. टिपणीस, हा उंदीर फार सावकाश जगतो हो तुमचा.”

मी त्या कागदाकडे बघत राहिले. तो मी काढला होता, शंभरदा पाहिला होता, पण ते टोचे मला दिसले नव्हते. सरांनाही नाहीत. आम्ही दोघांनी त्यात फक्त आपल्याला हवं ते पाहिलं होतं. पण मी त्याखाली खोटा मथळा घातला नव्हता.

भाऊसाहेबांचा आवाज मऊ झाला. त्यांच्या मऊ आवाजाला अख्खी संस्था घाबरायची. “डॉक्टर, मी परत इचारतो. बाईचं का उंदराचं?”

“बाईंचं,” सर म्हणाले.

“मंग बाईला दुखतंय का नाही?”

“आलेखावरून पाहता… दुखत असावं.”

“मग लिहा तसं. ते बहाणा-बिहाणा खोडा आणि बाईला बसून करायचं काम द्या. दिल्लीचं मी आणि खर्डेसाहेब नंतर बघतो.”

नोकरी वाचली. क्वार्टर वाचलं. मी रूथताईंचा हात धरायला गेले, तर तो मुठीत घट्ट आवळलेला होता. सरांनी अभिप्राय पुढे ओढला, शेवटची ओळ खोडली आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता, सवयीनं, मोठ्यानं म्हणत होते : “यंत्राच्या आलेखावरून असे दिसून येते की…”

“नाही,” रूथताई म्हणाल्या.

तिघांनी वर पाहिलं.

“आलेखावरून नाही लिहायचं साहेब.” त्या पुढे होऊन टेबलाशी आल्या. “आलेख या रविवारचा आहे. मी दोन वर्षं सांगतेय. रोज सांगतेय. वॉर्डात पेशंट म्हणाला दुखतं, की मी तुम्ही लिहिलेलं इंजेक्शन देते. मी त्याच्या पोटात फुगा घालून बघत नाही. दोन वर्षांत तुम्ही माझ्या पोटात दुर्बीण घालायला लावलीत, माझं वय काढलंत, माझा मेलेला नवरा काढलात. ‘सिस्टर, कुठं दुखतं?’ एवढं एकदा तरी विचारलंत का?”

सरांनी पेन कागदावर तसंच टेकवून ठेवलं होतं.

“मी सांगते म्हणून दुखतं. तसं लिहा.”

सरांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब खिडकीबाहेर बघत होते. खर्ड्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, “लिहा की. नियमात कुठे अडतंय?”

सरांनी लिहिलेलं खोडलं. खाली नव्यानं लिहिलं. मग कागद पुढे सरकवून ते उठायला लागले.

“वाचा,” रूथताई म्हणाल्या. “मला मोठ्यानं ऐकायचंय.”

डॉ. टिपणीस पुन्हा बसले. त्यांनी चष्मा नीट केला आणि कागद उचलला.

“रुग्ण स्वतः सांगते की तिला दुखते,” त्यांनी वाचलं, “आणि ते खरे आहे.”